कमानीचं उत्तरकार्य

माझा एक कान अधू हाय, पण त्या दिवशी त्योच कामाला आला बघा. मी विद्यापीठाच्या सिनेटवर निवडून गेलो तवाची गोष्ट. कुलसचिवांनी विषय वाचला, "प्रवेशद्वाराच्या कमानीस कार्योत्तर मंजुरी." मला ऐकू आलं उत्तरकार्य. मी आपला हात जोडून उभा राहिलो.

"काय झालं?" कुलसचिव म्हणाले.

"कोण गेलं?" मी इचारलं.

सगळी सभा हसली. "कोणी गेलं नाही हो. कमान बांधून झालीय, आता तुमची मंजुरी हवी."

"आन् मुलींचं वसतिगृह? आमी मंजुरी त्याला दिली व्हती."

"तो निधी कमानीकडे वळवला."

"आमाला न इचारता?"

"आता विचारतोय ना. हात वर करा आणि बसा."

"न्हाय बसत. आमच्या बावड्याच्या पोरी हितं एका खोलीत दाटीवाटीनं ऱ्हात्यात. माझा विरोध लिवा."

"अहो, उभी कमान पाडायची का मग?"

"पाडू नका," मी म्हणलो. "आमच्याकडं कमानीवर नाव असतंय, तेवढं कोरून घ्या. कैलासवासी सिनेट यांच्या स्मरणार्थ."