सव्वाआठचा फोन

हॅलो?

…हो, गुद्रून बोलतेय.

…कोण, थोर्किल? तुम्ही?

…नाही, आवाज ओळखला हो, पण तुमचा फोन मला कसा? रोज सकाळी मी तुम्हाला करायचा, तुम्ही कारेनला करायचा, आपण ठीक आहोत एवढं कळवायला. सहा वर्षांत उलटा फोन कधी आला नाही.

…हो, हो, माहितेय. सव्वाआठला करायचा होता. आता नऊ वाजून पाच मिनिटं झालीत, तेही माहितेय. घड्याळ समोरच आहे.

…नाही, पडले नाही. …नाही, चक्करबिक्कर काही नाही. …अहो, स्वयंपाकघरात उभी आहे मी. दोन पायांवर.

…फोन बिघडला असता तर आत्ता तुमच्याशी बोलले असते का?

…झोपले पण नव्हते. साडेपाचलाच उठलेय. आठ दहाला ओगेचा फोन आला. "उठलीस का?" "उठले." त्याने ठेवला. नेहमीचंच.

…हं. आणि मग मी तुम्हाला केला नाही.

…सांगते, पण आधी मला एक सांगा. साडेआठपर्यंत आपल्याला फोन आला नाही तर काय करायचं असतं? …बरोबर. लिस्बेथला कळवायचं. मग लिस्बेथ किल्ल्या घेऊन निघणार. आपल्या सगळ्यांच्या घरांच्या किल्ल्या तिच्याकडे काय शोभेला टांगून ठेवल्यात? कळवलंत तिला?

…का नाही?

…"विचार करत होतो." पाऊण तास विचार करत होतात? थोर्किल, पाऊण तासात माणूस गार होतो!

…ओरडत नाहीये मी.

…बरं, ओरडतेय.

…नाही, तसं नाही. तुम्ही ठेवू नका. ऐका ना. अहो, ऐका. मी तो फोन मुद्दामच केला नाही.

…मुद्दाम. ऐकलंत ते बरोबर ऐकलंत.

…बघत होते, कोण विचारतंय. एवढंच.

…एवढंच म्हणजे एवढंच. आंघोळ केली, निळा झगा घातला, केस विंचरले. लिस्बेथ दार उघडून आत येणार तर घर नीटनेटकं असावं, म्हणून टेबल पुसलं. कॉफी केली. दोन कप मांडले. …हसताय? मांडून झाल्यावर माझ्याही लक्षात आलं, मरून पडलेल्या बाईने दोन कप मांडलेले नसतात. म्हणून एक परत कपाटात ठेवला. मग पुन्हा काढला. मग खिडकीत उभी राहिले. साडेआठ झाले, पावणेनऊ झाले. समोरून पोस्टाची गाडी गेली. शेजारची युट्टे सायकलवरून गेली, तिने हातसुद्धा केला. मी केला नाही. मी पडलेली होते ना!

…हसा, हसा. मला त्या वेळी हसू आलं नाही.

…काय म्हणालात? …नीट बोला, तोंडातल्या तोंडात पुटपुटू नका.

…मी तुम्हाला टाकलं, असं वाटलं तुम्हाला?

…कालच्यावरून?

…थोर्किल, म्हणजे तुम्ही तिकडे हुम्बलला फोनसमोर पाऊण तास बसून होतात, आणि तुम्हाला वाटलं की गुद्रून कंटाळली, आता आपल्याला फोन करणार नाही? मी मेले असेन, असं एकदाही नाही आलं मनात?

…आधी ते आलं नाही. बरं. …हो, कळलं. माणसाला आपलंच आधी सुचतं. मला तरी काय सुचलं?

…नाही, तुम्ही कठोर नाही बोललात. तुम्ही इतकंच म्हणालात, "हो, हो, मला कारेनला फोन करायचाय." खरंच करायचा होता, नियमच आहे तो. दोन मिनिटांत आटपायचं, नाहीतर पुढच्याला उशीर होतो. पण मी रविवारचं सांगायला नुकतीच सुरुवात केली होती हो. सोमवारी नाही सांगितलं, काल धीर करून सुरू केलं, आणि तुम्ही…

…नाही, आता नको. …अहो, काही मोठं नाही ते.

…बरं. आल्बर्टेचं दृढीकरण होतं, चौदा वर्षांची झाली ना ती. माझी नात, हेन्रिएटची मुलगी. ओडेन्सला. आधी चर्च, मग हॉटेलात जेवण. बेचाळीस माणसं. …जेवण उत्तम होतं. जेवणाबद्दल काही तक्रार नाही. मी गाणं लिहून नेलं होतं.

…गाणं म्हणजे गाणं. जेवणात सगळ्यांनी मिळून म्हणायचं. चाल सगळ्यांना येते ती, शब्द माझे. आमच्या घरात गेली पन्नास वर्षं कुणाचंही काही असलं की गाणं माझंच. कुणी सांगावं लागत नाही. या वेळी महिनाभर बसले होते. आल्बर्टे पहिल्यांदा पोहायला शिकली ते, तिचा तो तिरका दात, आजोबांच्या, आमच्या एर्लिंगच्या, मांडीवर बसून कोळंबी सोलायची ते. वाचनालयात जाऊन बेचाळीस प्रती काढल्या, घड्या घातल्या, प्रत्येकीला पिवळी रिबीन बांधली, पिशवीत भरल्या.

…नाही ना. म्हटलंच नाही.

…जावयाचा भाऊ सगळं पुकारत होता, कुणी कधी बोलायचं ते. यादी त्याच्या हातात. मला म्हणाला, "काकू, तुमचं गोडानंतर." मग भाषणं झाली, पडद्यावर फोटो दाखवले, आल्बर्टेच्या मैत्रिणींनी काहीतरी खेळ केला. गोड झालं, कॉफी झाली, आणि लोक कोट शोधायला लागले.

…मी काय उठून ओरडायला हवं होतं? "थांबा, माझं राहिलंय"? ब्याऐंशी वर्षांची बाई?

…नाही, कुणी वाईट वागलं नाही. कुणी काही बोललं असतं तर घरी येऊन चार दिवस रागावता तरी आलं असतं. बेचाळीस माणसांत एकालाही आठवलं नाही, बस. हेन्रिएट बसस्टॉपवर सोडायला आली, म्हणाली, "आई, ती पिशवी कसली?" मी म्हटलं, "पाव." तिला खरं वाटलं. म्हणाली, "छान, उद्या तुला आणायला नको."

…आहे मी. आहे. जरा पाणी पिते.

…पूर्वी लोक घरी यायचे हो, थोर्किल. टोपी हातात घेऊन, इथे याच दारात. "गुद्रून, आईची साठी आहे, गाणं हवं." मी त्यांना बसवायची आणि विचारायची, आईला काय आवडतं, ती कशावरून चिडते, लग्नाआधी दुसरं कुणी होतं का. एर्लिंग म्हणायचा, चर्चच्या पाद्र्याला माहीत नाही एवढं या बाईला माहीत आहे. …हो, सगळ्यांचं. बेटाच्या या टोकापासून ट्रानेकेअरपर्यंत ज्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्याला माझं गाणं मिळालं.

…आमच्या? आमच्या पंचविसाव्याला मीच लिहायला बसले होते, तर शेजारच्या बायकांनी वहीच काढून घेतली. पहाटे सहाला ट्रम्पेट वाजला. दार उघडतो तर दाराभोवती फर झाडाच्या फांद्यांची ही मोठी कमान, आणि रस्त्यात अठ्ठावीस माणसं गातायत. चाल चुकीची, यमक कुठेच नाही, युट्टेची आई तर सगळ्यांच्या एक ओळ पुढे. एर्लिंग धारीदार पायजम्यात. म्हणाला, "गुद्रून, तुझ्यापेक्षा वाईट लिहिणारे इतके लोक आहेत, आज कळलं." आणि मग डोळे पुसत आत पळाला, पँट घालायला. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जण आत आले. हेरिंग मासे संपले, पाव संपला, सकाळी अकराला कुणीतरी आमच्याच पलंगावर झोपलेलं सापडलं.

…आता? अठ्ठावीसपैकी? …चार. मला सोडून.

…हो, तेही माझंच. कोर्सरच्या बोटीचं गाणं. बोट कायमची बंद झाली, तेव्हाच्या शेवटच्या फेरीचं. …तुम्हाला कसं माहीत? खाली नाव नव्हतं घातलं मी.

…तुम्ही त्या बोटीवर होतात? …कशाला? …बियाणं घेऊन? लॉरीतून? म्हणजे तुम्ही खाली होतात, गाड्यांच्या मजल्यावर.

…थांबा.

…थांबा, थांबा, थोर्किल. आम्ही वर डेकवर होतो. बोट धक्क्याला लागली तेव्हा आमचं सातवं कडवं चाललं होतं. कॅप्टन टोपी काढून उभा, फळी टाकू देईना, म्हणाला, गाणं पुरं होऊ दे. बायका रडतायत, म्हातारा हान्सन रडतोय, आणि खालून कुणीतरी गाढवाने हॉर्न वाजवला. एकदा नाही, तीनदा. …

…तो हॉर्न तुमचा होता?

…अहो, मी सव्वीस वर्षं त्या माणसाला शिव्या देतेय! एर्लिंगने तर पुढे उतरून त्याला शोधलं होतं. …पळालात. हो, पळालाच असाल.

…काय म्हणालात? लांब होतं?

…नऊ कडवी लांब? जन्मभर आपली ने-आण केली त्या बोटीने, तिला नऊ कडवी जास्त झाली? …बियाणं काय नासत होतं का? …सांगा ना, बियाणं नासतं का?

…हे देवा. …थांबा, मला बसू द्या. हसून हसून पोटात दुखायला लागलंय.

…काय आठवतंय? …म्हणा, म्हणा. …नाही, चुकलात. "कॉफी त्यांची इतकी काळी" नाही हो. जाड. "कॉफी त्यांची इतकी जाड, चमचा उभा राही; कोर्सरला पोचेस्तोवर साखर विरघळत नाही."

…हो, चौथं कडवं. …कागद ठेवलात तुम्ही? अजून? …कुठे? …लॉरीच्या कागदांबरोबर. मग लॉरी विकली तरी? …

…नाही, काही नाही. ऐकतेय.

…नाही हो, मोजत होते. सव्वीस वर्षं म्हणजे… हेन्रिएटने तिच्या स्वतःच्या लग्नातलं ठेवलेलं नाही.

…हं. …हं. तुम्हालाही कुणाचा फोन येत नाही, हे मला कुठे माहीत होतं? तुमचे तीन मुलगे आहेत, असं लिस्बेथ म्हणाली होती. …नाताळला. …आणि वाढदिवसाला मेसेज. तो अंगठ्याचं चित्र असलेला? मलाही तोच येतो.

…बरं, आणि कारेन काय म्हणाली? तिला काय सांगितलंत, उशीर का झाला म्हणून?

…थोर्किल?

…केलाच नाहीत? तिला फोनच केला नाहीत?

…माझा आला नाही म्हणून? अहो देवा! म्हणजे ती… नऊ वीस झालेत. एक तास ती मांडीवर फोन घेऊन बसलीय; लिस्बेथला घाबरवायची नाही ती, तुमचीच वाट बघेल. ती तुमचा फोन येईपर्यंत स्टोव्ह पेटवत नाही, माहितेय ना? धड दिसत नाही तिला. तिला वाटतं, पेटवताना काही झालं तर निदान आधी कुणाला तरी कळलेलं असावं, की सकाळी आपण ठीक होतो. त्र्याण्णव वर्षांची बाई एक तास उपाशी बसलीय. माझ्यामुळे.

…नाही, तुमच्यामुळे नाही. माझ्यामुळे. मला वाटलं, दोरी माझ्यापाशी तुटली तर मलाच शोधत येतील. पुढे कुणी दोरीला धरून बसलंय, हे डोक्यातच आलं नाही.

…रडत नाहीये. ठेवा आणि तिला लावा. लगेच.

…लिस्बेथ? लिस्बेथ नऊला पोहायला जाते, साडेनऊला समुद्रातून बाहेर येते, टॉवेलखालचा फोन बघते. तिला तोपर्यंत कारेनचा नेहमीचा फोन गेला पाहिजे, नाहीतर ती ओल्या केसांनी सगळ्या बेटावर किल्ल्या घेऊन धावेल.

…नाही, तुम्हाला झोप लागली असं सांगू नका. मला बरं नव्हतं असंही नको. खरं सांगा. गुद्रून रुसली होती म्हणून सांगा. …हो. ब्याऐंशीव्या वर्षी. दुपारी मी स्वतः तिची माफी मागेन. फोनवर नाही, जाऊन मागेन.

…कसं म्हणजे? बसने. …तुम्ही गाडी चालवता अजून? …मग सहा वर्षांत एकदाही या टोकाला का नाही आलात? …मी बोलावलं नाही. हो. तेही खरं.

…डायरी कशाला बघताय? …पुढच्या आठवड्यात, मंगळवारी? …अहो, आजच्या पानावर काय लिहिलंय? …आणि उद्याच्या? …आणि शुक्रवारच्या?

…माझीही तशीच आहेत. मग आज. साडेअकराला मला इथून घ्या, मग ट्रानेकेअरला कारेनकडे जाऊ. राय धान्याचा पाव माझ्याकडे आहे. खरा पाव.

…ते गाणं? ते तुम्हाला कशाला, तुम्ही आल्बर्टेला ओळखतही नाही. …बरं. बरं, आणते. रिबिनीसकट.

…हो. ठेवा आता. …नाही, तुम्ही ठेवा, तुम्हाला पुढे लावायचाय. …

…थोर्किल? अजून आहात?

…हो. मीही आहे.

…चला. मीच ठेवते.