साठ टोप्यांची टोकं

समारंभाच्या अध्यक्षा, पिंपळगावच्या सरपंच झुंबरबाई, मंचावरचे आमचे कडूबा गुरुजी, ज्यांच्या निरोपासाठी आपण या समाजमंदिरात जमलो त्या सत्यशीलाताई, आणि सतरंजीवर बसलेल्या विणकाम वर्गाच्या सगळ्या मावशी, काकू, वहिनी, सर्वांना माझा सविनय जय भीम आणि नमस्कार.

बोलायला मला कोणी सांगितलं न्हाई. नाव मीच घालून घेतलं. गुरुजी म्हणाले, "दोन मिनिटं, बराबर दोन." गुरुजी, तुमच्या हाताखाली मी नववीपर्यंतच होतो, तेव्हा थोडं मागंपुढं होईल.

मी मिथुन, बेबीनंदाचा पोरगा. मी कुठं टिकत न्हाई हे गावाला ठाऊक आहे. जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पोती शिवली, अंकुशनगरला कारखान्यावर एक हंगाम काढला, मधे टेम्पोवर होतो, त्या टेम्पोची एक गंमत आहे, पण ती राहू द्या. दोन वर्षांपूर्वी आईला वर्गावर सोडायला आल्तो, तो दारातच बसून राहिलो. ताईंनी हातात क्रोशाची सुई दिली. तिकडं खांबापाशी वसंता उभा आहे, तो तेव्हा म्हणाला, "काय रे, लेकरू होणार हाय का तुला?" ताई म्हणाल्या, "त्याला न्हाई, तुझ्या बायकोला. टोपी लागंल का सांग."

मंडळी, टोपी विणणं सोपं असतं. अवघड ते विणून झाल्यावरचं. रंग बदलला की लोकरीचं टोक लोंबत राहतं. ते वीतभर ठेवायचं, बोथट सुईत ओवायचं, उलट बाजूनं टाक्यांच्या आतून न्यायचं, फिरवून परत आणायचं, ताणून बघायचं, आणि मगच कापायचं. ताई कोणाचीही टोपी हातात घेतली की आधी उलटी करायच्या. "सुलट बाजू दुकानदार बघतो, उलटी लेकराच्या डोक्याला लागते," म्हणायच्या. एकेका टोकाला पाच मिनिटं. एवढा धीर कोणाकडं असतो? माझ्याकडं नव्हता.

दिवाळीनंतर जालन्याचे दुकानदार राधेश्यामजी यांनी साठ टोप्या मागवल्या. तीन रंगांच्या पट्ट्या, टोपीला सहा टोकं. ताई चार दिवस लेकीकडं, प्रियाकडं गेल्त्या. जाताना टोकं लपवायचं काम माझ्यावर सोपवलं. "हे तुझं. जल्दी करू नको."

आता बियाण्याच्या कंपनीत आम्ही पोत्याच्या शिलाईचा नायलॉनचा दोरा कापला की टोक जाळायचो. वितळून गाठ बसते, उसवत न्हाई. मला वाटलं, आपली ही ॲक्रिलिकची लोकर म्हणजे दोराच. सगळी टोकं कापली आणि पेटत्या उदबत्तीनं चिकटवली. एका दुपारात साठ टोप्या. स्वतःवर इतका खूश मी कधी झालो नव्हतो. ताई यायच्या आत पार्सल एसटीत टाकलं.

आठवड्यानं राधेश्यामजींचा ताईंना फोन आला. "बहनजी, टोपी भेजी के काँटे भेजे? बच्चे का माथा छिल गया."

टोप्या परत आल्या. ताईंनी एक उलटी केली, आतून बोट फिरवलं. प्रत्येक टोकाला मोहरीएवढा कडक मणी झाला होता. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि फोन लावून म्हणाल्या, "भाऊ, माझी नजर गेली आता. चूक माझीच." परत आलेली पिशवी कोणाला दाखवली न्हाई, बायकांनाही नजरेचंच सांगितलं. मला म्हणाल्या, "तू आत्ता कुठं एका जागी बसायला लागलास. बायकांना कळलं तर पळून जाशील."

मी गप राहिलो. मला ते सोयीचं होतं.

आम्ही दोघांनी ते मणी कापून बघितले. पण मणी कापला की टाका सुटतो, आणि शेपटीच उरली नसेल तर सुईत ओवणार काय? टोप्या हातातच उसवत गेल्या. एकही वाचली न्हाई.

मंग पुढचं तुम्हाला माहीत आहे. नवी मागणी आली न्हाई, वर्ग बंद पडला, बायका परत कापूस वेचायला गेल्या. आज इथं तीन भाषणं झाली आणि तिन्हींत एकच गोष्ट, ताईंची नजर अधू झाली, त्यांनी आता लेकीकडं आराम करावा. वंदनाकाकूंनी तर परवा त्यांच्या हातातली सुई काढून घेतली. मायेनंच घेतली. पण ताईंना बिलकुल नीट दिसतं हो. आज सकाळी माझ्यासमोर त्यांनी पहिल्या फटक्यात सुई ओवली.

हे आता सांगून काय होणार? काही होणार न्हाई. ताईंची उद्याची गाडी आहे. वर्गाच्या खोलीची किल्ली सरपंचबाईंकडं गेली. राधेश्यामजी दुसरीकडून माल घेऊन राह्यलेत. बोलायचं होतं तेव्हा बोललो न्हाई, आणि आता माइक हातात आहे तर उपयोग न्हाई.

ताई, तुम्ही खाली बस म्हणून खुणावताय, दिसतंय मला. बसतो.

मला बोलू दिलं म्हणून अध्यक्षांचे आणि गुरुजींचे आभार. बोलताना काही कमीजास्त झालं असेल, तर लहान समजून माफ करा. टोप्यांचं मात्र माफ करू नका, आणि ते ताईंच्या नावावर ठेवू नका. जय भीम.