पाठीतलं पाणी

पानाबाई : एक बाटली तं आनता येते ना, खुशबू? बारकीशी. पर्समंदी ठेवून.

खुशबू : मामी, बाटली नाहीच आहे. पेपरात आलं ते उंदरांचं आहे.

पानाबाई : उंदरं बरे झाले, असंच छापलं त्याईनं. तुह्याच लॅबचं नाव व्हतं. मी तं अख्ख्या कारंज्यात सांगत फिरली, का आमच्या नणंदेच्या पोरीनं पुन्यात औषध काढलं म्हनून.

खुशबू : मी तिथं फक्त नोकरी करते. मेंदूत एक प्रोटीन असतं. मामाची ही विसरायची बिमारी दिसायच्या कितीतरी आधी ते वाढायला लागतं, अन् रक्तात सापडतं. म्हणून त्यावरून बिमारी ओळखू येते. तेच अडवलं तर बिमारी थांबेल, असं आम्हाला वाटतं. नुसतं वाटतं, मामी. निम्मे उंदीर सावरले. बाकीच्यांचं लिव्हर गेलं.

पानाबाई : सावरले ते तरी जिते हायेत का?

खुशबू : नाही. शेवटी मेंदू काढून पाहावाच लागतो.

पानाबाई : आपन मुंगी चुकवून पाय टाकतो, अन् मी तेच औषध मांगून राह्यली. लागू दे पाप. माह्या नावावर लागू दे. तुह्या मामानं लगन झाल्यापासून दिवस बुडाल्यावर पान्याचा घोट नाही घेतला. परवा अंधार पडल्यावर सैपाकघरात उभ्यानं भात खाल्ला, अन् मलेच इचारे, बाई, या घरचे लोक कुठी गेले? दुकानात गिऱ्हाइकाले ब्लाउजपीस पाह्यजे, हे कापडाचा अख्खा तागाच काढून देतेत. लिव्हर जाईन तं जाऊ दे. आता काय राह्यलं हाय?

खुशबू : मी दुसरंच मागायला आले होते. मामाच्या पाठीतलं पाणी. कण्यात सुई घालून थोडंसं काढतात. ते प्रोटीन मेंदूत किती वाढलं, हे रक्तापेक्षा त्यात नीट कळतं. नागपूरला होईल.

पानाबाई : त्यानं हे बरे होतीन?

खुशबू : नाही.

पानाबाई : मंग कायले टोचाचं त्याईले?

खुशबू : पुढच्यांच्या औषधासाठी.

पानाबाई : कोन पुढचे? मले माहा मानूस पाह्यजे.

खुशबू : ही बिमारी घराण्यात उतरते, मामी. सगळ्यांत नाही, पण उतरते. आजोबा असेच गेले. तेव्हा लोक वेड लागलं म्हणाले.

पानाबाई : म्हनून तू श्रेयांसचं रक्त नेलं व्हतं? दिवाळीले? माह्या पोराचं?

खुशबू : त्यानं आपण होऊन दिलं.

पानाबाई : काय निंगालं?

खुशबू : त्यानं आधीच सांगितलंय, मला कळवू नका म्हणून.

पानाबाई : त्याले नोको सांगू. मले सांग. मी माय हाओ त्याची.

खुशबू : ते त्याचं आहे. कोणालाच सांगता येत नाही.

पानाबाई : चांगलं असतं तं तुह्या तोंडावर दिसलं असतं.

खुशबू : चांगलं असतं तरी नसतं सांगितलं. माझ्या तोंडाकडे नको ना पाहू.

पानाबाई : तुहे मामा तुह्या मायचेच भाऊ हायेत. तू तुहं रक्त देलं का?

खुशबू : नाही.

पानाबाई : काहून?

खुशबू : भेव लागते, मामी. दिवसभर लोकाईच्या नळ्या तपासते, अन् माहाच हात पुढं होत नाही. आई चष्मा कुठी ठेवला ते इसरली, तरी मले झोप येत नाही.

पानाबाई : ये इकडं. बस माह्यापाशी. इतके दिस एकलीच घेऊन फिरून राह्यली का हे?

खुशबू : कोनाले सांगू?

पानाबाई : औषध कवापर्यंत होईन?

खुशबू : सगळं नीट झालं तरी आठ-दहा वर्षं.

पानाबाई : श्रेयांस सव्वीसचा हाय. तवाबी तरनाच राहीन तो. असलीच त्याच्यात बिमारी, तं त्याले भेटू शकते.

खुशबू : झालं तर.

पानाबाई : अन् मामाले?

खुशबू : मामाला नाही, मामी.

पानाबाई : घे मंग. पानी घे. पाह्यजे तेवढं घे.

खुशबू : तुझ्या सांगण्यावरून नाही घेता येत. मामाला विचारावं लागेल.

पानाबाई : त्याईले काय समजते आता?

खुशबू : समजेल तेवढं समजेल. ते नाही म्हणाले, तर नाही.

(मामा, खेमचंद, खालच्या दुकानातून जिना चढून वर येतात. हातात कापड मोजायची पट्टी.)

खेमचंद : दुकानात कोनी नाही. ह्या बाईसंग तू कवाची बोलून राह्यली? कोन हाय हे?

पानाबाई : खुशबू हाय. तुमच्या बहिनीची पोरगी.

खेमचंद : बरं, बरं. जेवली का बाई?

खुशबू : जेवले, मामा. मामा, नागपूरला येता का माझ्यासोबत? डॉक्टर तुमच्या पाठीत सुई घालतील, थोडं पाणी काढतील. दुखेल. अन् तुम्हाला त्याचा काही फायदा नाही.

खेमचंद : मंग कायले?

पानाबाई : श्रेयांससाठी.

खेमचंद : काय झालं श्रेयांसले?

पानाबाई : काही नाही झालं. अजून काही नाही झालं.

खेमचंद : मंग त्याले नोका नेऊ. लहान हाय तो, सुई पाह्यली का रडते. माह्यातूनच काढून घ्या.