चित्रलेखाबाईंचा जुळता गालिचा

मंडळी, नामाचा गजर झाला, अंगात ऊब आली, आता टाळ मांडीवर ठेवा आणि कान माझ्याकडे द्या! मोबाईल? तो बाहेर चपलांपाशीच ठेवा म्हणणार होतो—पण तिथनं चपला जातात, मोबाईल काय राहतोय! असू द्या खिशात. फक्त त्याचं तोंड बंद करा.

आख्यानाच्या आधी एक प्रश्न विचारतो. आपण लग्नात म्हणतो—जोडा काय जुळलाय! दोन शेजारणी दिवसभर बोलत बसल्या की म्हणतो—दोघींचं छान जुळतं! तर मला सांगा, जुळणं म्हणजे काय हो? याच्यासारखा तो आणि त्याच्यासारखा हा, म्हणजे जुळलं का? मागच्या रांगेतले बुवा मान हलवतायत. काका, मी प्रश्न विचारायच्या आधीपासून हलतीय ती मान! डुलकी पुरी करा, आख्यान तुमच्यासाठी थांबायचं नाही.

तर या प्रश्नाचं उत्तर एका गालिच्यानं दिलं. हो, गालिचा! उडणारा नव्हे, पुराणातला नव्हे. कराडच्या एका साध्या कॉलनीतला, सोफ्यापुढं अंथरायचा. ऐका तर!

त्या कॉलनीत थोरवडे म्हणून कुटुंब. घरात माणसं तीन. जयकुमार—भला माणूस. बायको बोलली की म्हणायचा 'बरोबर', वडील बोलले की म्हणायचा 'अगदी बरोबर'. असा नवरा मिळायला पुण्याई लागते! त्याचे वडील धोंडीराम आण्णा—एसटीचे ड्रायव्हर, आता रिटायर. कराड-चिपळूण गाडी चालवली त्यांनी. कुंभार्ली घाट! धुकं असं, की शेजारी बसलेला कंडक्टर दिसायचा नाही. पण उभ्या नोकरीत गाडीला ओरखडा नाही. हा अभिमान ते सदऱ्याच्या खिशात घालूनच हिंडायचे. आणि तिसरी, आपल्या आख्यानाची नायिका—सून चित्रलेखाबाई. हात चालता, जीभ त्याहून चालती, मन मात्र लोण्याचं.

या बाईंना एक सिद्धी होती. कसली? मॅचिंगची! बायांनो, हसू नका, ही थट्टा नाही. साडीला ब्लाउजपीस जुळवायचा असला की सगळी कॉलनी बाईंना बरोबर घेऊन जायची. दुकानातली ट्यूबलाईट बाईंना नामंजूर! कापड घेऊन दारात यायच्या, उन्हात धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि निकाल द्यायच्या—"हा नको. ह्यात चिमूटभर हिरवा आहे." दुकानदाराला तो हिरवा आयुष्यात दिसला नसायचा! पण गप्प बसायचा बिचारा. देवापुढं आणि मॅचिंग बघणाऱ्या बाईपुढं वाद घालू नये.

तर या घरात जुना लाकडी दिवाण गेला आणि सोफा यायचा ठरला. आण्णा म्हणाले, "मळखाऊ रंग घ्या." जयकुमार म्हणाला, "अगदी बरोबर." आणि बाईंनी आणला बिस्किटी! आण्णांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "सूनबाई, ह्याच्यावर बसायचंय का चहात बुडवायचाय?"

बाई खो खो हसल्या. त्या दोघांचं असंच होतं! सासरा टोमणा मारायचा, सून दुसरा परत करायची, आणि दिवस गोड व्हायचा. का असं? सांगतो. बाईंचं माहेर पाटणचं. म्हणजे आण्णांच्या गाडीच्या वाटेवर! नवी नवरी असताना ही पोर मोरीत तोंड लपवून रडायची. आण्णांनी ते बघितलं, बोलले काहीच नाहीत. दुसऱ्या दिवशी गाडी पाटणच्या स्टँडवर थांबली, तेव्हा विहीणबाईंना निरोप गेला. संध्याकाळी ड्रायव्हरसाहेब घरी आले ते हातात फडक्याचं गाठोडं घेऊन. आईच्या हातची भाकरी, परसातला घेवडा! "वाटेत पडलं होतं, उचलून आणलं," म्हणाले. मग ते गाठोडं वरचेवर 'वाटेत पडायला' लागलं. मंडळी, सुनेला माहेरी पाठवणारे सासरे पुष्कळ असतील. माहेर उचलून सुनेच्या दारात आणणारा एखादाच! बाई ते कधी विसरल्या नाहीत.

असो. सोफा आला. आता त्याच्यापुढं गालिचा हवा! बाईंनी काय केलं? सोफ्याच्या उशीचा अभ्रा काढला, काखेत मारला, नवऱ्याला मागं घेतला आणि निघाल्या दुकानात. गालिचा घ्यायला निघाल्या, पण मनात काय? ब्लाउजपीस! घोटाळा झाला तो इथं.

दुकानदार अनुभवी. म्हणाला, "वहिनी, सोफा फिका आहे ना? मग खाली गडद घ्या. हा बघा गर्द निळा, हा डाळिंबी. उठून दिसेल."

बाई म्हणाल्या, "उठून दिसायला तो काय नवरदेव आहे? मला जुळता हवा!"

मग काय! गालिच्यांच्या वळकट्या सुटू लागल्या. एकेक गालिचा दारात उन्हात आणायचा, वर अभ्रा ठेवायचा, डोळे बारीक. "हा पिवळट." "हा राखेकडं झुकतोय." जयकुमार एका टोकाला, दुकानातला गडी दुसऱ्या टोकाला, रस्त्यावरची माणसं बघतायत—वाटतंय, कुणाच्या लग्नात अंतरपाटच धरलाय! आणि शेवटी एक वळकटी उलगडली, अभ्रा वर ठेवला—आणि अभ्रा दिसेनासा झाला!

"हाच!" बाई म्हणाल्या.

घरी आणून अंथरला. फरशी बिस्किटी, गालिचा बिस्किटी, सोफा बिस्किटी, भिंत बिस्किटी! सगळं घर कुणीतरी सायीत बुडवून काढल्यासारखं. कॉलनीतल्या बाया बघायला आल्या. शेजारच्या नलूताई गालाला हात लावून म्हणाल्या, "अगंबाई! सोफा कुठं संपतो न् गालिचा कुठं लागतो, कळतसुद्धा नाही गं!" बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

त्याच संध्याकाळी घरात पाहुणे होते. आण्णा आतनं आले, सदरा सारखा केला, सगळ्यांना रामराम घातला, नेहमीच्या ऐटीत वळले आणि बसले.

कुठं बसले? सोफ्यावर? छे! सोफ्याच्या वीतभर अलीकडं! धप्पकन खाली!

सगळे हसले. तुम्हीही हसलात की आता! पाहुणे हसले, जयकुमार हसला, आणि चित्रलेखाबाई? त्याही हसल्या, तोंडाला पदर लावून. आण्णांनीही हसून दाखवलं. गालिच्यावर हात फिरवत म्हणाले, "मऊ हाय की! म्हटलं, बसून बघावं." सगळे आणखी हसले. विषय संपला.

संपला? दुसऱ्या दिवशी आण्णा बाहेर आले नाहीत. चहा आत मागवला. जेवणाचं ताट आत. संध्याकाळी बाई भाजी निवडायला सोफ्यापाशी बसल्या, टोमणा ऐकायला कान टवकारले—आतनं नुसता रेडिओचा आवाज! असं एक दिवस, दोन दिवस, मग रोजचंच झालं.

बाई दाराशी गेल्या. "आण्णा, बरं नाही का?"

"बरं हाय."

"माझं काही चुकलं का?"

"काय न्हाई गं."

मंडळी, या 'काय न्हाई'इतका लबाड शब्द मराठीत दुसरा नाही! त्याच्या पोटात सगळं असतं. बाईंच्या मनात काटा घुसला—मी हसले! ज्या माणसानं माझं रडणं बघून तोंडातनं शब्द काढला नाही, त्याच्या पडण्याला मी चार माणसांत हसले. म्हणून रागावलेत. भाजी चिरता चिरता त्यांचे डोळे भरून यायचे, आणि त्या म्हणायच्या कांदा तिखट आहे. चिरत असायच्या भेंडी!

आणि एक दिवस आण्णांनी जयकुमारला बोलावून सांगितलं, "मी गावी जातो. धाकट्याकडं. आता तिकडंच राहीन म्हणतो."

जयकुमार सवयीनं 'अगदी ब—' म्हणाला आणि तिथंच त्याची जीभ अडकली. गावी धाकटे चुलते एकटे, घराला चार पायऱ्या, आण्णांचं वय हे असं! पण आण्णा ठाम. पिशवी भरून दाराशी ठेवली. परवाच्या गाडीनं निघणार.

बाईंना अन्न गोड लागेना. पण घर कुणासाठी थांबतं का? दुसऱ्या दिवशी उडदाचे पापड करायचे आधीच ठरलेले. बाया आल्या, लाटणी फिरली, गप्पा झाल्या. आता उडदाचा पापड उन्हात घालायचा नसतो, सावलीत वाळवायचा. जागा कुठं? सोफ्यापुढं, पंख्याखाली. नवा गालिचा खराब व्हायला नको म्हणून बाईंनी त्याच्यावर प्लास्टिक टाकलं आणि वर आईचं जुनं लुगडं अंथरलं. गर्द डाळिंबी, काठापदराचं. सोफ्याच्या पायापासून गालिचा पुरता झाकला. त्याच्यावर पापड मांडले, बायांना चहा दिला, बाया गेल्या, आणि बाई स्वयंपाकघरात परात घासायला बसल्या.

इतक्यात बाहेर पावलं वाजली.

बाईंनी दारातनं डोकावलं. आण्णा! हॉलच्या तोंडाशी उभे. बाईंना वाटलं—आता पाय पडणार पापडांवर! ओरडणार होत्या, पण ओरडल्या नाहीत. कारण आण्णा थांबले होते. खाली बघत होते. मग लुगड्याच्या काठाकाठानं चालत गेले, एकेक पाऊल, ऐटीत! टोकाशी वळले. काठ जिथं संपतो तिथं टाच टेकवली. आणि बसले—सोफ्याच्या मधोमध! एसटी फलाटाला लागावी तसे!

मग हात खाली घालून एक ओलसर पापड उचलला, तोंडात टाकला, आणि तिथनंच हाक—"सूनबाई! मिरी लई पडलीया. का सासऱ्याला घालवायचा बेत हाय?"

बाई ओल्या हातानंच बाहेर आल्या. "आण्णा, तुम्ही बाहेर आलात!"

"आलो की. आज कड दिसली."

"कसली कड?"

आण्णांनी टाचेनं काठ पुन्हा चाचपला. मग लुगड्याकडं बघत म्हणाले, "डोळं फिक्कं झाल्यात गं. लाल दिसतंय, निळं दिसतंय. पण तुझं हे बिस्किट... फरशी, गालिचा, सोफा, सगळं धुकं होतंय बघ. घाटातल्या धुक्यात निदान रस्त्याच्या कडंला पांढरा पट्टा असायचा. हितं कड कुठं शोधू?"

"मग सांगायचं नाही का!" बाई कळवळल्या. "मला वाटलं, मी हसले म्हणून—"

"येडी का खुळी तू? पडलेल्या माणसाला न्हाई हसायचं तर कुणाला हसायचं! पण ड्रायव्हरनं कड चुकवली, हे कुणाच्या तोंडानं सांगू, सूनबाई? लाज वाटली मला."

मंडळी, बाई मटकन खाली बसल्या. लुगड्यावरचे दोन पापड गेले! जाऊ द्या. त्या रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या, आणि मग उठल्या त्या थेट आण्णांच्या दाराशी गेल्या. पिशवी उचलली, पलंगावर पालथी केली. धोतर एकीकडं, रेडिओ एकीकडं!

"गावी कुणी जायचं नाही! चला माझ्याबरोबर!"

"कुठं?"

"दुकानात!"

दुकानदारानं बाईंना काखेत तोच गालिचा घेऊन येताना बघितलं आणि बिचारा दुकानाच्या दारात आधीच उभा राहिला. म्हटलं, आता उन्हात काय धरायचंय? पण बाई म्हणाल्या, "आज मी बघणार नाही. आज हे बघतील." आण्णा उंबऱ्यापाशी उभे. गडी एकेक गालिचा उलगडतोय. "न्हाई. न्हाई. हे धुकं. हेबी धुकंच." आणि मग एक उलगडला—गर्द वांगी रंग, भोवती पिवळाधमक पट्टा! आण्णांचा चेहरा उजळला. "हां! ही झाली सडक!"

वांगी! बिस्किटी सोफ्यापुढं वांगी आणि पिवळा! ज्या बाईला ब्लाउजपीसातला चिमूटभर हिरवा सहन व्हायचा नाही, तिनं तो गालिचा घरी आणून स्वतःच्या हातानं अंथरला. मंडळी, आपल्या सिद्धीवर पाणी सोडायला तपश्चर्येहून जास्त बळ लागतं!

नलूताई आल्या. बघतच राहिल्या. "चित्रा, अगं, हे काय आणलंस? हे कशाशी जुळतं?"

बाईंनी सोफ्याकडं बोट केलं नाही. सोफ्यावर बसलेल्या माणसाकडं केलं. म्हणाल्या, "माझ्या सासऱ्यांच्या डोळ्यांशी."

मिळालं उत्तर? अहो, समोर बघा ना! देव काळा, आणि गळ्यातली माळ झेंडूची, पिवळीधमक. काळ्या देवाला काळी माळ कधी घातलीय का कुणी? घातली तर माळ दिसायची नाही आणि देवही! देवानं भक्ताला आपल्यासारखं करून टाकलं नाही, वेगळं ठेवलं—कशासाठी? दर्शन घडावं म्हणून. जुळणं म्हणजे एकसारखं होऊन दिसेनासं होणं नव्हे. एकानं दुसऱ्याला दिसायला मदत करणं, ते जुळणं!

आता तुमच्याकडं वळतो. इतका वेळ चित्रलेखाबाईंवर हसलात, आता जरा आपल्या घरात डोकावा. घर आपण झकास जुळवतो—रंग जुळतात, पडदे जुळतात, वेळा जुळतात. पण त्या जुळवाजुळवीत एखादं माणूस हळूच आतल्या खोलीत गेलेलं असतं. ताट आत जातं, रेडिओ आत वाजतो, आणि आपण म्हणतो, त्यांचा स्वभावच तसा. स्वभाव नव्हे हो! त्यांना कड दिसेनाशी झालेली असते.

तेव्हा आता टाळ उचला, पोटभर नाम घ्या, प्रसाद घ्या, आपापल्या चपला शोधा आणि घरी जा. गेल्या गेल्या त्या आतल्या खोलीत जाऊन विचारा—तुम्ही हल्ली बाहेर का येत नाही? उत्तर येईल, 'काय न्हाई गं.' 'काय न्हाई रं.' ते ऐकून उठू नका. तिथंच बसून राहा.