आईला गाडी घ्यायचीय!

नाही, पण मला एक सांगा, सत्तरी ओलांडलेली बाई निवृत्त झाल्यावर काय मागते? आरामखुर्ची मागेल, गुडघ्याला पट्टा मागेल, फार तर म्हणेल, चार दिवस डोंगरात नेऊन आण! माझ्या आईनं काय मागावं? मसल कार! मी दातांचा डॉक्टर, माझा संबंध दाढांशी, मला कुठं ठाऊक मसल कार म्हणजे काय... तर आई चहा गाळता गाळता मलाच समजावतेय, "अरे बाळ्या, ती नाही का, लांब नाकाची, छाती काढून उभी असते, सुरू केली की शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरतात, ती!" बाळ्या म्हणजे मी. पन्नाशी उलटली, डोक्यावर चांद पडला, तरी बाळ्या.

तुम्हाला सांगतो, माझी आई साधी बाई नाही. ती अँब्युलन्स चालवायची! वडील लवकर गेले, मी शाळेत, आणि हिनं सरळ हॉस्पिटलात जाऊन सांगितलं, गाडी चालवता येते, काम द्या. तेव्हापासून जी स्टिअरिंगला चिकटली ती चिकटली. एकदा निवृत्त झाली, करमेना म्हणून परत गेली, शेवटी हॉस्पिटलवाल्यांनीच हात जोडले, बाई, आता बसा घरी. बसली. आणि घरात बसल्या बसल्या हे!

मी म्हटलं, "आई, गाडीच हवीय ना तुला? मग छोटीशी पांढरी घेऊ. बिनगिअरची. पुढे कॅमेरा, मागे कॅमेरा, धडकायच्या आत आपोआप थांबते."

"मग मी आत बसून काय करू? भाजी निवडू?"

पैसे तिचे, तिनं साठवलेले, तो विषयच नव्हता. मी काळजीनं बोलत होतो हो! तर माझी बायको, म्हणजे जिनं माझ्या बाजूनं बोलावं अशी माझी भाबडी अपेक्षा, ती म्हणते, "आई, एकदम मसल कारवरच का जायचं? जुनी देखणी गाडी पण बघा. ती बसकी परदेशी असते ना, दारं पंखासारखी वर जातात, तीही बघा." मी म्हटलं, अगं, तू आगीत तेल ओततेयस! तर दोघी एका सुरात... "बघायला काय जातंय!"

काय जातंय? माझा रविवार जातो! रक्तदाब जातो वर! पण ऐकतंय कोण?

तर पहिली जुनी. मालक घड्याळं दुरुस्त करणारा, दुकानामागच्या शेडमध्ये गाडी ठेवलेली. त्यानं वरची चादर काढली आणि खरं सांगतो, मीसुद्धा दोन पावलं पुढे सरकलो. समुद्रासारखा हिरवा रंग, चंदेरी बंपर असा लखलखीत की मी त्यात स्वतःचे दात तपासून घेतले. आतला कातड्याचा वास, हस्तिदंती रंगाचं स्टिअरिंग, गोल गोल काटे... अहो, पूर्वी माणसं किती प्रेमानं वस्तू करायची! आईनं एक चक्कर मारली. स्टिअरिंग असं जड की ते वळवायला मला आणखी दोन माणसं लागली असती, आणि आई दोन बोटं टेकवल्यासारखी वळवतेय. परत आली तर घड्याळजी दारातच उभा. म्हणाला, "माझ्या बायकोनं पसंत केली होती. तीच चालवायची. आता ती नाही, मला चालवायचा धीर होत नाही, तर नुसताच पुसत बसतो."

आईनं गाडी बंद केली. उतरली. किल्ली त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाली, "भाऊ, गाडी लाखात एक आहे. पण विकू नका. तुम्हाला चालवायला भीती वाटते ना? मग गल्लीच्या टोकापर्यंतच न्या. उद्या त्याच्यापुढे."

त्यानं किल्लीही सदऱ्याला पुसली आणि खिशात टाकली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आई, एवढी आवडली होती ना? तर म्हणते, "आवडली रे. पण ती गाडी म्हणजे म्हातारं माणूस आहे. तिला सांभाळावं लागेल. मी जन्मभर माणसं सांभाळली. आता मला कुणालाही सांभाळायचं नाहीये."

मी लगेच संधी साधली, म्हटलं, मग चला घरी! "घरी? अजून दोन राहिल्यात. बघायला काय जातंय!"

दुसरी ती परदेशी. शोरूम कसलं, ऑपरेशन थिएटर! एवढं स्वच्छ की बूट काढावे की काय कळेना. आणि मधोमध ती... लाल... आणि उंची किती? माझ्या मांडीपर्यंत! पण काय चीज होती! कुठंही बोट ठेवा, घसरूनच खाली यावं असा अंगाचा उतार. उभी असतानाही पळतेय असं वाटावं. दार वर गेलं. आई आत शिरली... शिरली कसली, आत पडली! आणि पाच मिनिटं काही हालचालच नाही. मी वाकून विचारलं, "आई, कसं वाटतंय?"

"छान वाटतंय. बाळ्या, मला बाहेर काढ."

अहो, निघेनाच! गुडघे तिच्या हनुवटीला! शोरूमवाल्यानं एक हात धरला, मी दुसरा, बायको फिजिओथेरपिस्ट, ती मागून सूचना देतेय, "आधी कंबर! कंबर वळवा! अहो, दात उपटल्यासारखे ओढू नका!" शेवटी आई बाहेर आली, साडी झटकली, गाडीकडे डोळे भरून बघितलं आणि म्हणाली, "देखणी आहे हो तुमची पोर. पण हिच्यात बसलं की मला समोरच्या गाडीची चाकंच दिसतात. आणि लोक हिच्याकडे बघणार. मला रस्ता बघायचाय." बायको माझ्या कानात, "ही घेतली असती तर माझं वर्षभराचं काम घरातच झालं असतं."

झालं? नाही झालं. तिसरी राहिली होती ना! बघायला काय जातंय!

ती मसल कार... आता कसं सांगू तुम्हाला? कोरी करकरीत, पिवळीधम्मक, बॉनेट असं लांब की त्यावर चार माणसं जेवायला बसतील. नाजूकपणा नाही, नखरा नाही, अंगापिंडानं भरलेली, पैलवानानं मांडी ठोकावी तशी उभी. टाय लावलेला विक्रेता माझ्याकडे बघून म्हणतो, "सर, तुम्ही चालवा, आजींना आपण मागे आरामात बसवू." आईनं हात पुढे केला. "किल्ली." बस्स, एवढंच! त्याच आवाजात ती पूर्वी गर्दीला बाजूला करायची. किल्ली आली. आजी पुढे, विक्रेता शेजारी, सर मागे! बायको शहाणी, ती शोरूममध्येच थांबली. आणि मागची सीट? सीट कसली, फळीच ती! मी माझे पाय घडी करून मांडीवर ठेवले.

शहराबाहेर कारखान्यांमागचा सरळ मोकळा रस्ता. आधी आई अशी चालवतेय की भरल्या पेल्यातलं पाणी हलू नये. सवय ना! विक्रेता म्हणतो, "आजी, थोडं दाबलंत तरी चालेल." आईनं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बाळ्या, मी जन्मभर जोरात गाडी चालवली. पण प्रत्येक वेळी मागे कुणीतरी कण्हत असायचं. एकदा, एकदाच मला जोरात जायचंय, आणि मागे कुणी आजारी नकोय."

इतकी वर्षं तिच्या हातचं खाल्लं, हे कधी विचारलंच नव्हतं. म्हटलं, आता काहीतरी चांगलं बोलावं... आणि तिनं दाबला!

आई गं!

पोट मागे राहिलं, मी पुढे! झाडं, खांब, भिंती, सगळ्याची एकच रेघ! इंजिन असं गरजतंय की माझ्या भरलेल्या दाढा हलल्या! मी मागून, "आई... आई गं... अगं आई..." आणि ती ओरडते, "गप्प बस! सांगितलं ना, मागे कण्हायचं नाही!" विक्रेत्याचा टाय खांद्यावरून मागे माझ्या तोंडात! आणि मग... मग आई हसायला लागली. तुम्हाला सांगतो, असं हसू मी त्या बाईच्या तोंडी कधी ऐकलं नव्हतं. मोकळं, खळखळून, शाळेतल्या मुलीसारखं. वळणावर वेग कसा अलगद उतरवला, गिअर कसा लोण्यासारखा खाली घेतला... मी भीतीनं अर्धा झालो होतो, पण मनात म्हटलं, वा! बाई, वा!

घेतली. दुसरं काय होणार? मीच म्हटलं, "आई, हीच." विक्रेत्यानं विचारलं, बिनगिअरचीही मिळते, ती देऊ का? आईनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं स्वतःहून माफी मागितली.

आता झालंय असं की मला ती गाडी स्वप्नात दिसायला लागली. एक दिवस लाज सोडून म्हटलं, आई, मला देशील चालवायला? पण मी पडलो बिनगिअरवाला! क्लच नावाचा प्रकार पायाला माहीतच नाही. तर आता रोज सकाळी आई शेजारी, मी स्टिअरिंगवर, आणि त्या पिवळ्या पैलवानाच्या पाठीवर शिकाऊ माणसाची लाल पाटी! गाडी गरजते, अख्खी गल्ली दचकते, खिडक्यांत माणसं जमतात... आणि गाडी एक गचका खाऊन बंद पडते. परत गरजते, परत बंद! काल चौकात तेच. मागून एक सायकलवाला आला, थांबला, गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली आणि काचेपाशी वाकून म्हणाला, "काका, काय झकास गाडी आहे हो! निघालात की हाक मारा, मी पुढच्या चौकात थांबतो."

दाबला परत क्लच. काय करता!