कुणीच न काढलेला गाळ

हसू नका, पण आर्क्टिकच्या समुद्राचा गाळ मला खरा कळला तो पारनेरकडच्या आमच्या गावात. बोटीवरून पाण्यात आवाज सोडायचा आणि परत येणाऱ्या आवाजावरून तळाखालचे थर टिपायचे, हे माझं काम. सुट्टीत गावी गेलो, तर वडील, म्हणजे आमचे तात्या, आटलेल्या पाझर तलावातला गाळ ट्रॉलीत भरत होते. मी मोबाईलवर थरांचं चित्र दाखवलं.

“किती खोल हाय ह्यो गाळ?”

“तीन-चार किलोमीटर.”

“अन् वर्साला किती साचतो?”

“केसाएवढा.”

तात्यांनी ट्रॉलीतल्या गाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, “कुनीच काढला न्हाई व्हय कधी?”

“साचायला लागला तेव्हा माणूसच जन्मला नव्हता, तात्या.”

त्यांनी खोरं खाली ठेवलं, बाटलीतल्या पाण्यानं हात धुतले, पायातल्या चपला काढल्या आणि म्हणाले, “आता दाखव परत.”