पिसांचं जॅकेट आणि सुतळीची गाठ

मंडळी, ऐका! आज प्रश्न अगदी लहान आहे. आपल्या माणसाला जपायचं – ते किती घट्ट?

हसू नका. सोपा वाटतो, पण सोपा नाही. लेकरू रस्ता ओलांडतंय, तर मनगट घट्ट धरायचं. बरोबर? बरोबर! आणि लेकरू झोपलंय, तेव्हाही मनगट तसंच धरून ठेवलं तर? झोपेल का ते? मग धरायचं कधी नि सोडायचं कधी? शास्त्रं सांगतात, संत सांगतात. आज आपल्याला हे एक जॅकेट सांगणार आहे.

हो, जॅकेट! मागे खांबाला टेकलेले आजोबा कानामागे हात धरून बघताहेत. आजोबा, बरोबर ऐकलंत. थंडीचं, पिसांचं, गुबगुबीत जॅकेट! देवाला शिकवायचंच असेल, तर तो कपड्याच्या दुकानातूनही शिकवतो.

तर – चिपळूणला ऋजुता नावाची एक आई राहते. एम.एस्सी. झालेली, हुशार, आणि लेकीवर चोवीस तास डोळा. लेक झोपली की नाकापुढे बोट धरून श्वास बघायचा. शिंक आली की कपाळाला हात. नवऱ्याचं नाव हेमंत – आणि थंडी सोसत नाही ती नेमकी त्यालाच! असो.

लेक निहिरा. दहा वर्षांची. ही सातव्या महिन्यात जन्मली, मंडळी. मूठभर जीव! जन्मल्या जन्मल्या काचेच्या पेटीत. ऋजुता बाहेर उभी. पोटची पोर समोर, आणि सिस्टर म्हणते, “बाहेरूनच बघा हं. हात नको.” त्या दिवसांत ऋजुताच्या हातांना जी भूक लागली ना, ती पोर पाचवीत गेली तरी भागलेली नव्हती. म्हणून ती सारखी धरायची. वेणी घट्ट, बुटाची नाडी घट्ट, मिठी तर विचारूच नका!

आता झालं काय, की शाळेतले खेळाचे शिर्के सर दिवाळीच्या सुट्टीत मुलांना आणि पालकांना हिमाचलात डोंगर चढायला नेतात. निहिरानं नाव दिलं. आईला न विचारता!

ऋजुता म्हणाली, “अगं, तिथं बर्फ असतो. तुझी तब्येत नाजूक.”

“आई, तेच तर! घरात नाजूक, शाळेत नाजूक, डॉक्टरकाकाही नाजूक म्हणतात. मला एकदा त्या खिंडीपर्यंत जाऊन यायचंय. मग म्हणा काय म्हणायचं ते.”

सरांचे नियम दोन. आपली पाठपिशवी आपण उचलायची. आणि शेवटच्या तळावर सर संध्याकाळी एकेकाला बघणार – जो कुडकुडत असेल, तो सकाळी खिंडीकडे नाही, थेट खाली. रडून चालायचं नाही. पोरीची सगळी आशा त्या एका संध्याकाळवर!

ऋजुतानं काय केलं? आपलंही नाव दिलं. आणि लागली जॅकेट शोधायला.

चिपळुणात काय मिळतं? छत्री मिळते! मे महिन्यात पुण्याला लग्न होतं, तेव्हा मायलेकी गिर्यारोहणाच्या एका दुकानात शिरल्या. दुकानदार आगाशे. मान वर न करता म्हणाले, “बोला.” पुण्यात एवढं स्वागत झालं म्हणजे भाग्यच समजायचं, मंडळी!

आगाशांनी दोन जॅकेटं पुढे टाकली. एक जाडजूड, गोधडीसारखं. दुसरं पिवळं, हळदीच्या रंगाचं. ऋजुतानं भाजी जोखतात तशी दोन हातांत दोन धरली. पिवळं हाताला लागेचना.

“अहो, ह्यात नुसती हवा आहे!”

“बरोबर ओळखलंत. हवाच विकतो आम्ही.”

“चेष्टा करताय?”

“नाही हो. आत बदकाची पिसं आहेत, पोटाकडची, मऊ. पीस फुलतं, त्यात हवा अडकते. ती हवा अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही. कमी वजनात पीस किती फुलतं, त्याला फिल पॉवर म्हणतात. ह्याची आठशे, म्हणजे उत्तम.”

आता कोकणातल्या बाईचा पहिला प्रश्न काय असेल? सांगा बघू! – “भिजलं तर?”

“भिजलं तर गेलं. पिसांचा लगदा होतो. पावसात चालणार असाल तर हे जाडं घ्या, कृत्रिम धाग्याचं. ओलं झालं तरी थोडी ऊब धरतं. पण जड आहे, आणि पिशवीत जागा खातं. कोण उचलणार?”

“मी!” निहिरा म्हणाली.

“मग पिवळं. दिवाळीत तिकडे हवा कोरडी असते. वरून घालायला सैलसा रेनकोट जवळ ठेव. चालताना हे घालू नकोस, घामानं भिजतं. थांबलीस की घाल.”

“वाढत्या अंगाचं द्या,” ऋजुता म्हणाली. “दोन मापं मोठं. गुडघ्यापर्यंत आलं तरी चालेल.”

“बाई, हा शाळेचा युनिफॉर्म नाही! मोठं घेतलंत तर आतली पोकळी तापवता तापवता पोरगी दमेल. आत एक लोकरीचा पातळ सदरा मावेल, एवढंच सैल हवं. न जास्त, न कमी.”

तेवढ्यात सासूबाईंचा फोन. माळकरी बाई. त्यांनी एकच विचारलं, “ऋजुता, पिसं कुणाची म्हणालीस? जिवंत पाखराची उपटतात की काय?”

आगाशांनी जॅकेटच्या आतली पट्टी दाखवली. “जिवंत पक्ष्याची काढत नाही, असं कंपनी लिहून देते. मी विश्वास ठेवतो. पण तुमच्या मनाला लागत असेल तर जाडं घ्या. त्यात काही कमीपणा नाही.”

ऋजुतानं तसंच सांगितलं. फोनवर सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “पोरगी लहान आहे, ओझं झेपायला हवं. घे ते. आणि त्या बदकाला माझा नमस्कार सांग.”

मंडळी, किती सुंदर! वस्तू घेताना कुणाचं काय घेतोय, एवढं तरी आपण विचारतो का?

जॅकेट ठरलं. आणि निघताना आगाशे आणखी एक वाक्य बोलले. पण ऋजुता दहाव्यांदा चेन वरखाली करून बघत होती. तिनं काही ते ऐकलं नाही. तिनं नाही ऐकलं, तर तुम्हीही आता नाही ऐकायचं! थांबा.

घरी आल्या. आला पाऊस. कोकणातला पाऊस म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. चपलेला बुरशी, पट्ट्याला बुरशी, पोथीच्या पुठ्ठ्याला बुरशी! तिथल्या घरांत पावसाच्या आधी काय करतात? जे जे जपायचं ते ते बांधतात. पापड बांधतात, लोकरीचे कपडे बांधतात. ऋजुतानंही बांधलं. जॅकेटची घडी घातली, तिच्यावर गुडघा दिला, हवेचा कण आत राहू दिला नाही! प्लास्टिकची पिशवी. तिच्यावर दुसरी. डांबरगोळ्या. वर सुतळी – तीन वेढे आणि करकचून गाठ! ट्रंकेच्या तळाला ठेवून वर चार गोधड्या. दर पंधरा दिवसांनी ट्रंक उघडायची आणि काय बघायची? गाठ सैल तर नाही ना झाली!

हेमंत म्हणाला, “अगं, श्वास तरी घेऊ दे त्याला.” पण नवऱ्याचं कोण ऐकतं?

सांगा मंडळी, हिला कुणी निष्काळजी म्हणेल? तिच्याइतकं त्या जॅकेटला कुणी जपलं असेल?

दिवाळी झाली, मंडळी निघाली. ऋजुतानं पुडकं तसंच्या तसं लेकीच्या पाठपिशवीत भरलं. खालच्या तळांवर स्वेटरवर भागलं. ऋजुताचं आपलं एकच, “नवंकोरं आहे, वरच सोडू या गाठ!” निहिरा आपली पिशवी आपण उचलून चालली. एकदाही “आई, घे” म्हणाली नाही.

शेवटचा तळ आला. ऊन डोंगरामागे गेलं आणि थंडी अशी उतरली की बाटलीतलं पाणी दातांना सोसेना. ऋजुतानं गाठ सोडली, जॅकेट बाहेर काढलं –

पापड! मंडळी, पापड! आठशेची फिल पॉवर पार चपटी. वर डांबरगोळ्यांचा वास.

 आता काय करायचं? घाबरलेली आई काय करते? आणखी घालते! लोकरीचा सदरा, त्यावर स्वेटर, त्यावर दुसरा स्वेटर, त्यावर ते जॅकेट. श्वास रोखून कशीबशी चेन ओढली. वरून शाल, आणि शालीला मागे गाठ. पोरीचा कोपर वाकेना!

शेजारच्या तंबूतले खेडेकर म्हणाले, “ताई, आत पोरगी आहे ना नक्की?”

पोरगी आत होती. आणि कुडकुडत होती. एवढं घालून दातावर दात वाजत होते!

शिर्के सर आले. वाकून बघितलं. आवाज मऊच होता. “ऋजुताताई, हिला थंडी वाजतेय. असं असेल तर सकाळी तुम्ही दोघी खाली. मला धोका घ्यायचा नाही.”

“सर, थोडा वेळ द्या.”

“जेवायच्या वेळी बघतो. मग मात्र मी सांगेन ते.”

सर गेले. निहिराच्या डोळ्यांत पाणी. पण रडली नाही हो. हळूच म्हणाली, “आई, ते दुकानातले काका शेवटी काय म्हणाले होते?”

“काय म्हणाले होते?”

आता ऐका ते वाक्य. आता ऐकायचं!

“ते म्हणाले, प्रवासात थोडा वेळ दाबलं तर चालतं, पण घरी मोकळं टांगून ठेवा. दाबून ठेवलं की पिसं हवा धरायची विसरतात. मी तुला सांगणार होते, आई. तू गाठ मारत होतीस.”

ऋजुता खाली बसली. तिला सगळं एकदम दिसलं. ट्रंक, गुडघा, सुतळी. आणि आत्ता? आत्ताही तेच चाललं होतं की! आतून स्वेटर दाबताहेत, बाहेरून शाल दाबतेय. बिचाऱ्या पिसांनी फुलायचं कुठे?

“काढू या,” ती म्हणाली. हा शब्द उच्चारायला तिला किती जड गेलं असेल! बाहेर बर्फाची थंडी, आणि आईनं लेकीच्या अंगावरून कपडा काढायचा?

पण काढला. निहिराला सदरा-स्वेटरवर झोपायच्या पिशवीत गळ्यापर्यंत सरकवलं. हातात गरम सूपचा पेला दिला. जॅकेट हलकेच झटकलं, झटकलं, पुन्हा झटकलं, आणि तंबूत कोरड्या जागी मोकळं पसरून ठेवलं. काहीच होईना. ऋजुताचे हात पुढे गेले – चोळू या का, ओढू या का –

पिशवीतून आवाज आला, “आई, हात नको.”

हात नको! दहा वर्षांपूर्वीचे तेच शब्द. समोर काच नव्हती, एवढाच फरक. ऋजुतानं दोन्ही हात मांडीखाली घेतले, आणि त्यांच्यावर बसली. नुसती बघत राहिली. बाहेर वारा. स्टोव्हचा आवाज. कुणीतरी चहाला हाक मारत होतं.

आणि जॅकेटवरच्या शिवणीचा एक चौकोन उठला! तव्यावरचा फुलका कसा आधी एका कडेनं उठतो? तसा. मग शेजारचा. मग बाही. कुणी काही करत नव्हतं, मंडळी! पिसं आपली आपण जागी होत होती. सगळी नाही फुलली, दोन-चार चौकोन चपटेच राहिले. पण पुरेशी फुलली.

(तबला जरा हलक्या हातानं द्या!)

*आवळता ती विझते माया, सैल सोडता फुलते,*
*ऊब ज्याची त्याच्यापाशी, जागा दिली की कळते!*

निहिरानं स्वेटर काढला. पातळ लोकरी सदरा, वर पिवळं जॅकेट. बस्स! शाल नाही, गाठ नाही. थोड्या वेळानं दात वाजायचे थांबले. मग गाल लाल झाले. ऊब कुठून आली? स्टोव्ह बाहेर होता. आईनं मिठी मारलेली नव्हती. ऊब त्या पोरीचीच होती! पिसांनी फक्त धरून ठेवली. जिला सगळे नाजूक म्हणत होते, तिच्या अंगात एवढी ऊब होती, मंडळी!

जेवायच्या वेळी सर आले. “निहिरा, हात बघू.” हात गरम. ओठ गुलाबी. सर म्हणाले, “सकाळी बूट लवकर घाल. उशीर करशील तर थांबणार नाही.”

सकाळी निघाले. जॅकेट पिशवीत – चालताना घालायचं नाही ना! निहिरा पुढे, ऋजुता मागे. खिंड आली. दोन्हीकडे पांढरं. निहिरा थांबली, पिशवी उतरवली, जॅकेट काढलं, घातलं. चेन जरा अडकली. ऋजुताचे हात निघाले... आणि तिनं ते आपल्याच पाठीमागे नेले. चेन लागली. पोरीनं लावली.

मग निहिरानं वळून बघितलं. “आई, तुझे हात किती काळेनिळे पडलेत! हातमोजे कुठे?”

हातमोजे राहिले होते तंबूत. लेकीचे चार जोड आठवणीनं आणलेले, आणि स्वतःचे विसरलेले!

पोर जवळ आली. आईचे दोन्ही हात धरले, आणि आपल्या जॅकेटच्या दोन खिशांत घातले. आत ऊब होती. ऋजुता तशीच उभी राहिली. दहा वर्षांची त्या हातांची भूक तिथे भागली, मंडळी. धरून नाही. धरलं गेल्यावर!

आता तुमच्याकडे वळते. घरी जा आणि ट्रंक उघडून बघा. जॅकेटची ट्रंक नव्हे हो! सुनेला कुठल्या सुतळीनं बांधलंय? मुलाला किती गोधड्यांखाली ठेवलंय? “मी तिच्या भल्यासाठीच करते” – अहो, ऋजुताही भल्यासाठीच गाठ मारत होती! देवाचं तरी काय? चार नवस, आठ उपास, बारा अटी – करकचून बांधून ठेवलाय त्याला देव्हाऱ्यात. त्याला जरा मोकळं टांगा की!

ती तिसऱ्या रांगेतली ताई. हो, तुम्हीच. केव्हापासून लेकराचं मनगट धरून बसलात. सोडा. दार लावलेलं आहे, कुठे जात नाही ते. बघा, सोडल्यावर आपणच मांडीवर डोकं ठेवलं की नाही?

आता सगळ्यांनी हात वर करा. टाळी वाजवायची आहे. तळवे घट्ट आवळून वाजवलीत तर नुसती चापट वाजते. मध्ये थोडी पोकळी राहू द्या. थोडी हवा राहू द्या. हां, अशी! आता म्हणा – विठ्ठल, विठ्ठल... ऐका, कसा घुमतोय!